बारा हजार पारिजातके आणि एक नाक

जन्मभरात मी देवाला वाहावयाचे एकही फूल हुंगलेले नाही. हे वाक्य आजवर मी अनेकांसमोर, प्रसंगी पूर्वेकडे तोंड करून, शपथेवर उच्चारलेले आहे. आणि ते अद्याप एकानेही खरे मानलेले नाही.

लोकांनी ते खरे मानले नाही, याचा दोष मी लोकांना देत नाही. तो दोष माझ्या अक्षराचा आहे. आमच्या जळकोटच्या महादेवाच्या देवळात, गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला, एक लाकडी फळी टांगलेली होती आणि तिच्यावर मी स्वतः, टपोऱ्या बाळबोध वळणात लिहिले होते : ‘देवाची फुले हुंगू नयेत. हुंगलेल्या एका फुलाने सारी परडी बाद होते. आज्ञेवरून.’ (आज्ञा कोणाची, हे कोणी विचारले नाही. महादेवाला तर मीही विचारले नव्हते.) त्या काळी मी शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवीत असे, सायंकाळी देवळात पुराण सांगत असे, आणि गाव मला गुरुजी म्हणत असे. गाव गुरुजी म्हणू लागले की मनुष्यास फळ्या लिहिण्याची इच्छा होते.

फळी टांगल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणी सोमवारी आमच्या शेजारच्या गोदावहिनी देवळात आल्या. पाटलांच्या घरच्या, मनाने मोकळ्या आणि आवाजाने त्याहून मोकळ्या. हातात आपल्या परसातल्या गुलाबांची भरगच्च परडी. रांगेत उभ्या असता त्यांनी अगदी नकळत एक गुलाब नाकाशी नेला. मी फळीकडे बोट दाखवले आणि साऱ्या बायकांदेखत ती परडी निर्माल्याच्या खड्ड्यात रिकामी करविली. गोदावहिनी एक शब्दही बोलल्या नाहीत. गोदावहिनी एक शब्दही बोलत नाहीत तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, हे ओळखण्याइतके व्यवहारज्ञान मला पाठशाळेत कोणी दिलेले नव्हते.

हा काळ मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतला. शाळेच्या दप्तरात उर्दूच्या जागी मराठी येऊन बसली होती. लोकांच्या तोंडी मात्र दरखास्त, खुलासा आणि शक हे शब्द ठाण मांडून होते. (यांपैकी शेवटल्या शब्दाचा माझ्याशी पुढे फार जवळचा परिचय झाला.)

त्याच चातुर्मासात माझ्या थोरल्या भगिनी, अक्का, यांनी लाख पारिजातकांचा नेम धरला होता. अक्का वैधव्यानंतर आमच्याकडेच असत आणि घरातले सूर्योदय-सूर्यास्त त्यांच्या सोवळ्याच्या सोयीने होत. नेमाचे कारण मीच होतो. आदल्या वर्षी विषमज्वराने मी एकवीस दिवस अंथरुणाला खिळलो, वैद्यांनी मान हलवली, तेव्हा अक्कांनी देवघरातल्या बाळकृष्णासमोर पदर पसरला : “माझा भाऊ उठू दे. तुला लाख पारिजातकं वाहीन.” मी उठलो. बाळकृष्णाने आपला शब्द पाळला होता. आता अक्कांचा शब्द राहिला होता.

रोज रात्री अक्का परसातल्या पारिजातकाखाली एक धुवट, पांढरेशुभ्र धोतर अंथरून ठेवीत. पहाटेपासून त्यावर फुलांचा सडा पडे. अक्का स्नान करून, जप आटोपून, सोवळ्याने येत आणि एकेक फूल वेचून दुरडीत टाकीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तेव्हा मोजणी बोटांच्या अग्रांनीच चाले. पण अक्कांच्या मोजणीत एका फुलाची चूक काढील असा मनुष्य जळकोटात नव्हता. कोजागरीपर्यंत ऐंशी हजार फुले वाहून झाली होती. कार्तिकी द्वादशीला उद्यापन ठरले होते, ब्राह्मणांना निमंत्रणे गेली होती, आणि अक्का कधी नव्हे त्या हसतमुख दिसत होत्या. अशा या सुखाच्या दिवसांत मी कॅमेरा घेऊन शिरलो.

त्याचे असे झाले. ‘देवपूजेतील पुष्पे’ या विषयावर एक लेख लिहून मी पुण्याच्या एका धार्मिक मासिकाकडे पाठविला होता. संपादकांचे उत्तर आले : लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु सोबत फुलांची छायाचित्रे हवीत, आणि ती अशी की पाकळीवरील शीर न् शीर मोजता यावी. योगायोगाने त्याच आठवड्यात माझे मेहुणे हैदराबादेहून येऊन गेले होते आणि जाताना आपला जुना कॅमेरा माझ्या हवाली करून गेले होते. उघडला की पेटीच्या भात्यासारखा एक काळा भाता पुढे येई आणि त्याच्या टोकाशी भिंग. एवढ्याने फूल लहानच दिसते, म्हणून मेहुण्यांनी माझे पोथी वाचण्याचे बहिर्गोल भिंग त्याच्यापुढे दोऱ्याने करकचून बांधून दिले.

“भाऊजी, तीन गोष्टी ध्यानात ठेवा,” ते म्हणाले. “एक, फूल भिंगापासून बरोबर वीतभर. गव्हाएवढंही कमीजास्त झालं की संपलं. दोन, ऊन पाठीशी घ्या, उजव्या खांद्यावरून येऊ द्या. तीन, हात हलता कामा नये. श्वास रोखून धरायचा.”

“श्वास रोखण्याचे मला सांगता?” मी म्हणालो. मुंजीपासून नित्य त्रिकाळ प्राणायाम करणारा मी! माझा कुंभक ऐकून (म्हणजे न ऐकून) एकदा वर्गातल्या मुलांनी हेडमास्तरांना बोलावून आणले होते.

पहिली फिल्म मी जास्वंद, तगर आणि कण्हेर यांवर खर्ची घातली. सोलापुराच्या मोटारीने ती धुवायला गेली आणि आठ दिवसांनी परत आली. बारापैकी अकरा चित्रांत आषाढातले आकाश होते. बाराव्यात एक वस्तू मात्र विलक्षण रेखीव आली होती. तिच्यावरील शीर न् शीर मोजता येत होती. तो माझा अंगठा होता.

“अंगठा छान आलाय,” आमचे कुटुंब म्हणाले. “हाच पाठवा पुण्याला. सहीच्या जागी चालेल.”

अशा बोलण्याने खचणारा मी नव्हतो. मी दोष शोधला. वीतभर अंतर नजरेने ठरविले, हीच चूक. म्हणून दर्भाची एक काडी मी मापून वीतभर कापली. तिचे एक टोक भिंगाशी, दुसरे फुलाशी, आणि अंतर जुळले की काडी दातांत धरायची, अशी पद्धत बसविली. पार्श्वभूमी पांढरी हवी होती. कोवळे ऊन हवे होते. फूल लहान आणि नाजूक हवे होते. आणि या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, रोज सकाळी, माझ्याच परसात, अक्कांच्या धोतरावर पसरलेल्या असत!

अडचण एकच. कॅमेऱ्याचा तो भाता चामड्याचा होता.

नेमाच्या फुलांजवळ चामडे! पायताण घालून त्या बाजूला गेलेल्या माणसाला अक्कांनी अंगणातच स्नान घातल्याचे माझ्या स्मरणात आहे. (तो माणूसही मीच.) शास्त्राधार शोधू लागलो असता मला असे आढळले की, चामड्याचा स्पर्श निषिद्ध आहे, परंतु वीतभर अंतरावरून पाहणाऱ्या चामड्याविषयी ग्रंथकार मौन बाळगतात. हे मौन म्हणजे संमती, असा निर्णय मी एकट्याने, एकमताने घेतला.

ऊन भिंतीवरून उतरून धोतरावर येई, तेव्हा अक्कांच्या जपाची शेवटची माळ चालू असे. एवढाच अवकाश. तेवढ्यात एकच चित्र साधे. बारा चित्रांना बारा दिवस. कॅमेरा उपरण्याखाली झाकून मी जाई, धोतराच्या काठाशी गुडघे टेकी, कोपरे जमिनीला लावी, मस्तक खाली नेई, उपरणे डोक्यावरून घेई (भिंगावर आडवा उजेड येऊ नये म्हणून), एक डोळा मिटी, दुसरा कॅमेऱ्याला लावी, पूरक करून कुंभक साधी, आणि कळ दाबून झाली की दीर्घ रेचक सोडी. रेचक इतका वेळ कोंडलेला असे की तो बाहेर पडताना थोडा आवाज होई. साधारण ‘हाऽऽऽ’ असा.

आता वाचकांनी कृपा करून भिंतीपलीकडे, गोदावहिनींच्या परसात, उभे राहावे आणि तेथून हे दृश्य पाहावे. कॅमेरा दिसत नाही. तो उपरण्यात आहे. दर्भ दिसत नाही. तो दातांत आहे. दिसतो तो एक गुरुजी. पाठ आकाशाकडे, नाक देवाच्या फुलांत, डोळा मिटलेला, आणि मुखातून तृप्तीचा उद्गार!

बाराव्या दिवशी, म्हणजे कोजागरीच्या सकाळी, मी कुंभक साधला आणि कळीवर बोट ठेवले, तोच भिंतीवरून आवाज आला :

“गुरुजीऽऽ! धरलं बगा!”

माझा कुंभक फुटला, दर्भ गिळला गेला, आणि कळ आपोआप दाबली गेली. मी कॅमेरा पोटाशी धरून उपरण्यासकट घरात धावलो. धावण्याने माणूस निरपराध वाटत नाही, हे मला धावून झाल्यावर सुचले.

गोदावहिनी दारातून आल्या नाहीत. त्या भिंत ओलांडून आल्या.

“अक्का, बोलू का नगं असं झालंय.”

“बोल की, गोदा.”

“आज न्हाय, चार दिस झालं बगतीय म्या. रोज वाटायचं, गुरुजी नमस्कार घालत्यात. पर नमस्काराला माणूस हाऽऽऽ करतंय का वो? तुमच्या भावानं देवाची फुलं हुंगली, अक्का! वाकून वाकून हुंगली!”

अक्कांनी हातातली माळ गोमुखीत ठेवली. जप अर्धा सोडून त्यांनी माळ खाली ठेवलेली मी त्याआधी एकदाच पाहिली होती. त्या वेळी घराला आग लागली होती.

“विष्णू, इथं ये. फुलं हुंगलीस?”

“नाही, अक्का.”

“मग गोदा खोटं सांगते?”

“तसंही नाही. त्यांनी पाहिलं ते पाहिलं.”

“म्हणजे वाकला होतास.”

“होतो.”

“फुलांवर?”

“होय.”

“डोळे मिटून?”

“एकच.”

“एक डोळा मिटून तर जास्तीच गोडी लागती!” गोदावहिनी म्हणाल्या.

“आणि हाऽऽऽ कोण म्हटलं?”

“तो रेचक होता, अक्का.”

“रेचक देवघरात करतात. माझ्या धोतरावर नाही. काय करत होतास तिथं?”

कॅमेऱ्याचे सांगावे, तर हुंगण्याच्या आरोपातून सुटतो. पण चामड्याच्या आरोपात सापडतो. न सांगावे, तर चामड्यातून सुटतो आणि हुंगण्यात सापडतो. दोहोंपैकी कोणताही गुन्हा कबूल केला तरी फुले बादच! न्यायशास्त्र मी सात वर्षे शिकलो आहे. त्या सात वर्षांत अशा कात्रीत सापडलेल्या माणसाने काय म्हणावे, हे एकाही आचार्याने सांगितल्याचे मला आठवत नाही. म्हणून मी म्हणालो, “माझ्याजवळ पुरावा आहे.”

“कुठंय?”

“आज सोलापुराला पाठवतो. आठ दिवसांत येईल.”

“बगा!” गोदावहिनींनी हात जोडले. “फुलं जळकोटात हुंगली आणि पुरावा सोलापुराला निघाला!”

अक्कांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांनी अगदी शांत स्वरात विचारले, “शास्त्र काय सांगतं ते तूच सांग, विष्णू. देवळातली फळी तुझ्याच हातची आहे.”

“शक असला तरी… त्या दिवसाची सारी फुलं बाद, अक्का.”

“किती दिवस गेला होतास तिथं?”

खोटे बोलण्याचा सराव नसणे हे एक मोठे वैगुण्य आहे. “बारा,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरात एक पातेले पडले. अक्का मटकन् पाटावर बसल्या. रोज हजाराच्या हिशेबाने बारा हजार फुले गेली होती. राहिलेली वीस आणि ही बारा मिळून बत्तीस हजार. द्वादशीपर्यंत दिवस सत्तावीस. आणि थंडी लागताच रोज हात आखडता घेणारे झाड. गणित मलाही येत होते. त्यांच्या अंधूक डोळ्यांत पाणी आले आणि त्या बाळकृष्णाकडे पाहून एवढेच म्हणाल्या, “तू दिलंस. माझ्याकडून मात्र पुरं होत नाही बघ.”

“ज्याच्यापायी नवस, त्यानंच नास केला!” गोदावहिनी पुटपुटल्या, पण या वेळी त्यांच्या आवाजात जीत नव्हती. मी मान खाली घातली. (नेमकी अशी की नाक पुन्हा दुरडीच्या दिशेने गेले. ते मी घाईने वळविले.)

पुढचे आठ दिवस मी वर्णन करू नयेत हे बरे, तरीपण करतो. गावात बातमी माझ्याआधी पोहोचलेली असे. मी देवळाकडे निघालो की समोरून येणाऱ्या बायका परडीवर पदर ओढीत. शाळेच्या वाटेवर झेंडूचे शेत होते. तेथला मालक मला पाहून बांधावर आडवा उभा राहिला. “गुरुजी, राग नगा धरू. वाट तिकडून बी हाय.” गुरवाने तर नम्रतेची परिसीमा केली. “गुरुजी, दर्शन घ्या की. कोण न्हाय म्हणतंय? जरा इतकं दुरून घ्या.” आणि त्याने जेथे उभे राहावयास सांगितले, तेथून मला महादेव दिसत नव्हता, स्वच्छ दिसत होती ती माझी फळी.

वर्गात मी ‘सुगंध’ हा शब्द चालवावयास सांगितला. सारा वर्ग खोकू लागला.

मी हे सर्व सोशीत होतो ते एका आशेवर. चित्रे येतील, चित्रांत फूल वीतभर अंतरावरून घेतलेले दिसेल, वीतभर अंतरावरून कोणाला हुंगता येत नाही, हे लहान मुलालाही पटेल. राहिला चामड्याचा प्रश्न. त्याची मी तीन रात्री तळमळून कबुली द्यावयाचे ठरविले. निदान गुन्हा तरी मी केलेला असावा!

नवव्या दिवशी सोलापूरची मोटार थांबली आणि कंडक्टरने टपावरून नव्हे, तर थेट खिडकीतून, साऱ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली : “गुरुजी! आपका पुरावा आया जी सोलापूरसे!” (बातमी कोठवर गेली होती, हे वाचकांनी ओळखले असेलच.) पाकीट घरी येईपर्यंत माझ्यामागे वीस-पंचवीस माणसे होती. गोदावहिनी भिंतीवर आधीच बसलेल्या होत्या.

मी पाकीट उघडण्यापूर्वी कॅमेरा आणून अंगणात ठेवला, भाता ओढून दाखविला आणि म्हणालो, “अक्का, मी फुलं हुंगली नाहीत. मी त्यांची चित्रं घेत होतो. या यंत्राला चामडं आहे; ते मी तुमच्या फुलांजवळ नेलं. वीतभर दूर ठेवलं, पण नेलं. अपराध एवढा. आता पुरावा पाहा.”

आणि मी पाकीट उघडले.

पहिली अकरा चित्रे साठ मात्रांचा कुंभक साधून घेतलेली. त्यांत पुन्हा आषाढातले आकाश होते. मुंजीपासूनचा प्राणायाम पाण्यात गेलेला एवढ्या स्पष्टपणे (म्हणजे अस्पष्टपणे) क्वचितच कोणी पाहिला असेल! बारावे चित्र मात्र, जे गोदावहिनींच्या किंकाळीने आपोआप निघाले होते, ते पाहताच माझे मलाच भान राहिले नाही. बोटाच्या पेराएवढे ते फूल तळहाताएवढे झाले होते. पाकळ्यांची वळलेली टोके, त्यांवरील शिरा, मध्ये दहिवराचा एक कण. सुईच्या टोकाने काढावे तसे!

“हे पाहा!” मी विजयाने चित्र उंच धरले. “वीतभर अंतर!”

गोदावहिनी भिंतीवरून उतरल्या, चित्र जवळ घेऊन त्यांनी एकवार पाहिले, आणि शांतपणे त्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

“आणि हे वो, गुरुजी? हे कुणाचं?”

ऊन पाठीशी होते. उजव्या खांद्यावरून येत होते. मेहुण्यांनी सांगितले होते अगदी तसे. आणि त्या उन्हाने माझी सावली पुढे, त्या शुभ्र धोतरावर, काळ्या शाईने छापावी तशी टाकली होती. कॅमेरा उपरण्याच्या सावलीत विरून गेला होता. किंकाळीने वळलेल्या मस्तकाचे एक टोक मात्र त्यातून बाहेर आले होते. ते लांब होते. मध्यावर त्याला उंचवटा होता. त्याचा शेंडा फुलाच्या पाकळीला बरोब्बर टेकला होता.

अंगणातल्या सर्वांनी प्रथम चित्राकडे पाहिले. मग माझ्या नाकाकडे पाहिले. मग पुन्हा चित्राकडे. गुरव म्हणाला, “शक न्हाय ऱ्हायला आता.”

“इकडं आणा,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी चित्र डोळ्यांशी नेले, उन्हात तिरपे केले, दूर धरले, पुन्हा जवळ आणले. आता मस्तकावर काय कोसळते याची मी वाट पाहत होतो. मग त्या म्हणाल्या,

“विष्णू, यावर इतकी नक्षी असते?”

“असते, अक्का.”

“ऐंशी हजार वाहिली मी,” त्या हळूच म्हणाल्या. “बोटांनी मोजली. बघितलं आज. एक.”

मग अक्कांनी डोळे पुसले, आणि त्यांचा नेहमीचा स्वर परत आला. “गोदा, हे नाक याचं आहे. पण ही सावली आहे. सावली कधी हुंगते का?”

“न्हाय,” गोदावहिनी नाइलाजाने म्हणाल्या.

“मग हुंगणं रद्द. आणि विष्णू, चामडं मात्र खरं. ती बारा हजार फुलं पुन्हा वाहायची. आपल्या एका झाडाकडून होत नाहीत. तू नादुरुस्त केलंस, तूच दुरुस्त कर.”

म्हणजे एका खटल्यातून मी निर्दोष सुटलो आणि दुसऱ्यात, स्वतःच्याच कबुलीवर, दोषी ठरलो! जळकोटात आमच्याखेरीज मोठा पारिजातक एकच होता. आणि तो भिंतीपलीकडे, गोदावहिनींच्या परसात होता.

मी भिंतीपाशी गेलो. शब्द जुळविण्यात माझी हयात गेली आहे. त्या दिवशी चार शब्द जुळविताना घाम फुटला.

“वहिनी, श्रावणातल्या त्या गुलाबांचं… मी चुकलो.”

“एका फुलापायी सारी परडी फेकली तुमी. साऱ्या बायकांत.”

“होय.”

“आन् आता बारा हजार मागताय.”

“होय.”

मला वाटते, त्यांना ते मागणे मनातून आवडले असावे. “न्या,” त्या म्हणाल्या. “अक्कांच्या नेमाला न्हाय म्हणून कुठं जाऊ? पर दोन अटी. ते यंत्र माझ्या परसात यायचं न्हाय. आन् नाकाला फडकं बांधून यायचं.”

“वहिनी, हुंगणं रद्द झालंय!”

“अक्कांच्या घरी झालंय. माझ्या परसात चालू हाय.”

तेव्हा त्या कार्तिकात सूर्योदयापूर्वी, नाकातोंडाला पांढरे फडके बांधून, गोदावहिनींच्या पारिजातकाखाली वाकलेला एक गुरुजी जळकोटाने रोज पाहिला. वहिनी ओट्यावर बसून पहारा करीत. मधूनच ओरडत, “गुरुजी, श्वास दिसतोय!” थंडी होती, श्वास सर्वांचाच दिसत होता. परंतु मी रोखून धरी. कुंभकाचा माझ्या आयुष्यातला एकमेव सार्थ उपयोग तो.

द्वादशीच्या सकाळी अक्कांनी शेवटचे फूल बोटांत धरले. ते त्यांनी लगेच वाहिले नाही. प्रथम उन्हात नेले, डोळ्यांशी आणले, आणि मनसोक्त पाहून घेतले. (किती जवळ नेले, याविषयी मी कोणासही काही सांगितलेले नाही. मी शिकलो होतो.) मग ते बाळकृष्णाच्या पायांवर ठेवून म्हणाल्या, “लाख पुरे.” गोदावहिनींनी पदराने डोळे टिपले आणि मला म्हणाल्या, “सोडा आता फडकं, जेवायचं हाय.”

येथे ही हकिगत संपावयास हवी होती. परंतु माझ्याजवळ एक सुस्पष्ट चित्र होते आणि लेखकाजवळ एक सुस्पष्ट चित्र असले की तो स्वस्थ बसत नाही. कोपरा कापून घ्यावा, असे एक टिपण सोबत जोडून मी ते पुण्यास पाठविले. दोन महिन्यांनी अंक आला. लेख पूर्ण छापला होता. चित्रही छापले होते, चांगले पानभर. कोपरा कापलेला नव्हता. संपादकांनी ते पारिजातकाच्या वर्णनापाशी न घालता माझ्याच लेखातील सातव्या नियमापाशी घातले होते, आणि खाली छापले होते : ‘देवाचे फूल हुंगण्याची निषिद्ध कृती. (मुद्दाम करून दाखविली आहे.) चित्र व कृती : लेखक.’

गुरवाने ते पान अंकातून जपून फाडले आणि देवळात माझ्या फळीखाली खळीने चिकटविले. आज इतक्या वर्षांनीही दोन्ही तेथे आहेत. वर नियम माझ्या अक्षरात. खाली नाक माझे. फळीवरची शाई आता पार पुसट झाली आहे. नाक मात्र अजून सुस्पष्ट आहे.